गोळ्या सोडून ध्यानाला जावं का?

प्रिय ताई,

माझा दादा बेचाळीस वर्षांचा आहे. पंधरा-सोळा वर्षं तो रोज पीत होता. सहा आठवड्यांपूर्वी स्वतःहून रुग्णालयात दाखल झाला. पहिले काही दिवस फार वाईट गेले. हात थरथरत होते, रात्री नसलेली माणसं दिसत होती. मग सावरला. आता दारूची ओढ कमी करणारी नालट्रेक्सोनची गोळी रोज चालू आहे, आठवड्यातून एकदा समुपदेशन आहे. तेव्हापासून थेंबही घेतलेला नाही. पण त्याचा जीव कशात रमत नाही, झोप लागत नाही, संध्याकाळ झाली की चिडचिड सुरू होते. "मी आता आयुष्यभर पेशंट म्हणूनच जगायचं का?" असं विचारतो.

ओळखीतल्या कोणीतरी त्याला एक 'होलिस्टिक' केंद्र सुचवलं आहे. एकवीस दिवस तिथे राहायचं. योग, प्राणायाम, ध्यान, साउंड हीलिंग, कानाचं ॲक्युपंक्चर आणि वनौषधींनी 'डिटॉक्स'. येण्याआधी सगळ्या गोळ्या बंद करायच्या, राहण्याच्या काळात घरी फोन करायचा नाही, अशा अटी आहेत. व्यसन कायमचं सुटेल याची हमी देतात. दादाला जायचंच आहे. आईचाही पाठिंबा आहे, कारण तिच्या मते गोळी म्हणजे दारूच्या जागी आलेलं दुसरं व्यसन. तिने 'न सांगता जेवणात मिसळा' असं लिहिलेली एक पावडरही आणून ठेवली आहे. पुन्हा प्यायला तर वापरू, म्हणते. मी डॉक्टरांचं ऐकू की दादाच्या मनाचं?

– एक बहीण

*

सगळ्यात आधी ती पावडर. बाकीचं सविस्तर बोलू, पण ती पुडी आजच घराबाहेर जायला हवी.

अशा पुड्यांमध्ये नेमकं काय भरलंय हे पाकिटावरून कळत नाही. निव्वळ झाडपाला असला तरी त्याचा भार यकृतावरच येणार, आणि दादाच्या यकृताने पंधरा वर्षं पुष्कळ सोसलं आहे. त्यात दारू सोडवण्यासाठी देतात त्या डायसल्फिराम या औषधासारखं काही असेल तर प्रश्न थेट जिवाचा होतो. दारू शरीरात मोडताना ॲसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो आणि एक विकर (एन्झाइम) त्याचा लगोलग निचरा करतं. डायसल्फिराम त्या विकराला अडवून धरतं. मग थोड्या दारूनेही चेहरा लालबुंद होतो, ओकाऱ्या सुरू होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. एखाद्याचं हृदय हे सोसू शकत नाही. शेवटच्या डोसनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहू शकतो. डॉक्टर हे औषध देतात, पण पेशंटला सगळं समजावून, त्याच्या संमतीने, हृदय आणि यकृत तपासून. आपल्या पोटात काय गेलंय हेच ज्याला माहीत नाही, तो सावध कसा राहणार?

शिवाय अशा गोष्टी उघडकीला येतातच. त्या दिवसापासून दादा आईच्या हातचा घास संशयाने खाईल, आणि सहा आठवड्यांत घरात जो विश्वास परतायला लागला आहे तो पुन्हा जाईल. आईंना हे रागावून सांगू नका. रात्री नसलेल्या माणसांशी बोलणारा मुलगा त्यांनी पाहिलाय. ती पुडी त्यांनी भीतीपोटी आणली आहे, आणि ती भीती खरी आहे.

आता दादाचं वाक्य. "मी आयुष्यभर पेशंट म्हणूनच जगायचं का?" तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे. रुग्णालयात माणसाला सगळं 'केलं जातं': सलाईन लावलं जातं, रक्त घेतलं जातं, गोळी हातावर ठेवली जाते, प्यायलास का असं विचारलं जातं. जीव वाचवायला ते सगळं लागतंच. पण ज्याने इतकी वर्षं स्वतःवरचा ताबा गमावल्याची लाज सोसली, त्याला त्यातून पुन्हा तेच ऐकू येतं की तुझ्या हातात काही नाही. याउलट योगाच्या चटईवर तो स्वतः काहीतरी करत असतो. श्वास त्याचा, पाठ त्याची, मिनिटं त्याची. या उपचारांची ओढ बऱ्याच जणांना वाटते ती याच कारणाने, आणि मी तिला सुधारणेची खूण मानते. "हे सगळं थोतांड आहे" असं म्हणून ती मोडू नका. ती मोडली तर गोळीही फार दिवस टिकणार नाही.

दुसरं असं की दारू त्याच्या आयुष्यात बरीच कामं करत होती. संध्याकाळ भरायची, झोप आणायची, मित्र जमवायची, राग गिळायला मदत करायची. ती गेली आणि या सगळ्या जागा एकदम रिकाम्या झाल्या. गोळीने ओढ कमी होते, पण संध्याकाळचे सात वाजल्यावर करायचं काय, हे गोळी सांगत नाही. पहिले काही आठवडे, कधी काही महिने, झोप विस्कटलेली राहते आणि आनंद बोथट झालेला असतो, कारण इतकी वर्षं मेंदूला दारूच्या धक्क्याची सवय झालेली असते. तेव्हा दादाची बेचैनी हे उपचार फसल्याचं लक्षण समजू नका. फक्त डॉक्टरांना ती सांगा. जीव न रमणं आणि झोप न लागणं ही नैराश्याचीही लक्षणं असतात, आणि नैराश्यावर वेगळा उपचार लागतो. जगण्यात अर्थ नाही, मी नसलेलाच बरा, अशा अर्थाचं तो काही बोलला तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका, त्याच दिवशी न्या. मनात मरणाचे विचार येतात का, असं स्पष्ट विचारायला घाबरू नका. विचारल्याने ते विचार मनात रुजत नाहीत.

डॉक्टरांचं ऐकू की दादाच्या मनाचं, असं तुम्ही विचारता. हा पेच तुमच्यासमोर त्या केंद्राच्या अटींनी आणला आहे. योग, ध्यान, श्वसन, चालणं, संगीत, यांतली एकही गोष्ट करण्यासाठी नालट्रेक्सोन बंद करावं लागत नाही. म्हणून अशा कुठल्याही उपचाराबद्दल मी आधी एवढंच पाहते, की ही मंडळी माणसाच्या आयुष्यात भर घालायला सांगतात की त्याच्याकडे आहे ते काढून घ्यायला. भर घालत असतील तर पुरावा थोडा असला तरी मी बहुधा हो म्हणते. काढून घेत असतील, तर बदल्यात काय देणार हे त्यांनी पुराव्यानिशी सांगायला हवं. हे केंद्र दादाची गोळी काढून घेतंय, डॉक्टर काढून घेतंय आणि घरची माणसंही.

गोळीबद्दल आईंना असं सांगता येईल. दारू प्यायल्यावर शरीर स्वतःच अफूसारखी काही रसायनं सोडतं आणि त्यातून मिळणारं सुख मेंदू लक्षात ठेवतो. नालट्रेक्सोन त्या रसायनांची मेंदूतली जागा अडवतं. ते स्वतः नशा आणत नाही, त्याची तलफ येत नाही, बंद केल्यावर हातपाय थरथरत नाहीत. अमेरिकेत दारूच्या व्यसनासाठी ते १९९४ पासून मंजूर आहे. आईंच्या शंकेत एक खरी गोष्ट मात्र आहे. पहिल्या आठवड्यात थरथर आणि झटके टाळण्यासाठी जी शामक औषधं देतात, त्यांची सवय लागू शकते. म्हणूनच डॉक्टर ती थोडे दिवस देतात आणि कमी करत बंद करतात. दादाची ती औषधं बंद झाली आहेत, हे आईंना कागद दाखवून सांगा. गोळी किती महिने घ्यायची, हा प्रश्न दादाने स्वतः डॉक्टरांना विचारावा. ती जन्मभर घ्यायची असते असा नियम नाही.

'डिटॉक्स'बद्दल मला जास्त काळजी वाटते. शरीरातली दारू शेवटच्या पेल्यानंतर साधारण दिवसभरात निघून जाते आणि ते काम यकृत करतं. सहा आठवड्यांनंतर काढून टाकायला दारूचं विष शरीरात उरलेलंच नसतं. उरलेली असते ती झीज. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांमध्ये ब१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, बरेचदा फार कमी झालेलं असतं. त्याची तीव्र कमतरता मेंदूला कायमची इजा करू शकते, म्हणून सुरुवातीच्या उपचारात ते आवर्जून देतात. अशा माणसाला उपास, जुलाब आणि नुसत्या रसांवर ठेवणं म्हणजे झिजलेल्या शरीराला आणखी झिजवणं. वनौषधींचंही तसंच. अश्वगंधा आणि गुळवेल या सगळ्यांच्या परिचयाच्या वनस्पती, पण दोन्हींमुळे काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. आणि एक गोष्ट फार कमी घरांत माहीत असते: आयुर्वेदातली आसवं आणि अरिष्टं आंबवून केलेली असतात, त्यांच्यात स्वतःहून तयार झालेलं मद्य असतं. दारू सोडलेल्या माणसाने ती वैद्यांना आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. डायसल्फिरामवर असलेल्याने तर मुळीच नाही.

फोन नाही आणि डॉक्टर नाही, या दोन अटी एकत्र आल्या की मी अस्वस्थ होते. समजा, जाण्याच्या आदल्या आठवड्यात दादा घसरला आणि काही दिवस पुन्हा रोज प्यायला. हे लपवून तो केंद्रात गेला. दारू एकदम तुटल्यावर थरथर, घाम आणि धडधड काही तासांतच सुरू होते, झटके बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात, आणि तीव्र भ्रमावस्था दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास. उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावतो. ज्याला एकदा असे भास झालेत त्याला पुढच्या वेळी ते पुन्हा होण्याचा, आणि अधिक तीव्र होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तुमच्या दादाला ते झालेले आहेत. तिथे रात्री तीन वाजता तपासायला कोणी नसेल आणि तुम्हाला कळवायलाही बंदी असेल, तर चांगल्यातलं चांगलं ध्यानही त्या रात्री उपयोगाचं नाही.

आणि हमी. व्यसनातून उपचार घेऊन बाहेर पडलेल्यांपैकी साधारण ४० ते ६० टक्के लोक पुढच्या वर्षभरात पुन्हा घसरतात, असं २०००मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका लेखात मांडलं होतं. त्याच लेखात उच्च रक्तदाब आणि दमा या दीर्घकाळच्या आजारांशी तुलना केलेली होती. तिथेही औषध आणि पथ्य सुटतं आणि त्रास उलटतो, जवळजवळ तितक्याच प्रमाणात. यात निराश होण्यासारखं काही नाही, कारण घसरलेली माणसं पुन्हा उभी राहतात. पण एकवीस दिवसांत कायमचं सुटेल असं जो लिहून देतो, त्याला एक तर हा आजार माहीत नाही किंवा तुमची गरज फार चांगली माहीत आहे.

इतकं कठोर बोलल्यावर हेही तितक्याच मनापासून सांगते, की त्या यादीतल्या काही गोष्टी दादाने कराव्यात असं मला वाटतं. सगळ्यात आधी ध्यान, पण व्यसनासाठी बेतलेलं. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलन मार्लॅट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 'माणूस पुन्हा का घसरतो' या प्रश्नावर उभं आयुष्य काम केलं. त्यांनी आणि सारा बोवेन व इतर सहकाऱ्यांनी सजगतेचं ध्यान आणि घसरण रोखण्याची कौशल्यं यांची सांगड घालून आठ आठवड्यांचा गटाचा कार्यक्रम तयार केला. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत २८६ जण होते, आणि ते सगळे दादासारखेच, पहिला उपचार पूर्ण करून बाहेर आलेले. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा ध्यानाचा गट आणि नुसत्या कौशल्यांचा गट, दोन्ही नेहमीच्या पाठपुराव्यापेक्षा सरस होते. वर्षाने ध्यानाच्या गटात नशेचे दिवस सर्वांत कमी होते. हे ध्यान उपचारानंतरचं होतं आणि उपचारावर रचलेलं होतं, एवढं लक्षात ठेवा.

यातलं तलफेच्या वेळी करायचं तंत्र दादाला आजपासून शिकता येईल. मार्लॅट तलफेला लाट म्हणत. लाटेसमोर छाती काढून उभं राहिलं की ती आपटते, पळालं की पाठीवर येते, पण तिच्यावर तरंगता येतं. प्रत्यक्षात करायचं ते असं. तलफ आली की बसायचं, किंवा चालत असेल तर वेग कमी करायचा. ती शरीरात कुठे आहे हे शोधायचं: जिभेवर, घशात, छातीत, हातांच्या बोटांत? कशी आहे: कोरडी, गरम, आवळल्यासारखी, वळवळणारी? तिला हाकलायचं नाही आणि तिचं ऐकायचंही नाही. दोन-तीन श्वास तिथे लक्ष ठेवायचं, मग बघायचं की ती हलली का, वाढली का. ती वाढते. इथेच माणूस घाबरतो, कारण त्याला वाटतं की प्यायल्याशिवाय ती अशीच वाढत राहणार. पण ती एका टोकाला जाते आणि उतरायला लागते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. हे वाचून पटत नाही. स्वतःच्या छातीत दोन-चारदा उतरताना पाहिली की पटतं. मात्र सराव आधी शांत वेळी करावा, सकाळी दहा मिनिटं. पहिल्यांदाच भर तलफेत करायला गेलं तर जमत नाही आणि माणूस ते टाकून देतो.

एक सावधगिरी. दहा-दहा दिवसांची मौन शिबिरं या टप्प्यावर नकोत. दारूखाली वर्षानुवर्षं दबलेलं दुःख, अपराधीपणा, जुने आघात, हे लांबच्या शांततेत एकदम वर येतं, आणि सहा आठवड्यांच्या कोवळ्या मनाला ते पेलत नाही. डोळे मिटून बसल्यावर घाबरायला होत असेल तर डोळे उघडे ठेवून चालत करावं. तेही ध्यानच आहे.

योग आणि प्राणायामाबद्दल माझा अनुभव चांगला आहे. पुरावा त्यापेक्षा थोडा जपून बोलतो. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेत दारूचं व्यसन असलेल्या ६० जणांवर झालेला एक अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला. आधी आठवडाभर वैद्यकीय उपचाराने दारू सोडवली, मग निम्म्यांना दोन आठवडे सुदर्शन क्रिया हा श्वसनाचा प्रकार शिकवला. त्यांचं नैराश्य इतरांपेक्षा जास्त उतरलं, ताणाशी संबंधित कॉर्टिसॉलही जास्त कमी झालं. उत्साह वाटावा असा निष्कर्ष आहे. पण तो नैराश्याचा आणि ताणाचा आहे, व्यसन सुटण्याचा नाही, आणि तिथेही सुरुवात वैद्यकीय उपचारानेच झाली होती. दादाची झोप आणि चिडचिड पाहता योग त्याला मानवेल असं मला वाटतं. फक्त पहिल्या दिवसापासून जोरकस श्वसनाचे प्रकार नकोत. झटके आले असतील किंवा रक्तदाब जास्त असेल तर ते डॉक्टरांना विचारूनच. संथ आसनं आणि लांब उच्छ्वास इथून सुरुवात करावी.

कानाच्या ॲक्युपंक्चरचा इतिहास रंजक आहे. १९७२च्या सुमारास हाँगकाँगमध्ये डॉ. एच. एल. वेन नावाचे मेंदूचे शल्यविशारद वेदनाशमनासाठी सुयांमधून वीज देऊन पाहत होते. अफूचं व्यसन असलेल्या काही रुग्णांनी त्यांना सांगितलं की त्याने अफू तुटल्याचा त्रासही कमी झाला. तिथून ही कल्पना न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधल्या लिंकन रुग्णालयात गेली. प्रत्येक कानाच्या पाच ठरावीक बिंदूंवर सुया टोचण्याची पद्धत तिथे घडली, आणि १९८५मध्ये तिच्या प्रसारासाठी एक संघटनाही निघाली. पण २००२मध्ये कोकेनचं व्यसन असलेल्या ६२० जणांवरची मोठी चाचणी 'जामा'मध्ये आली, तेव्हा खऱ्या बिंदूंवरच्या सुया, चुकीच्या जागच्या सुया आणि नुसती विश्रांती, या तिन्हींत फरक दिसला नाही. तरी ही सत्रं लोकांना आवडतात. अर्धा-पाऊण तास काही न बोलता, कोणी काही न विचारता, आपल्यासारख्याच माणसांमध्ये शांत बसायला मिळतं, यात मला नवल वाटत नाही. सुया निर्जंतुक असतील आणि दादाला बरं वाटत असेल तर करू द्या. फक्त गोळीच्या बदल्यात नको. साउंड हीलिंगचंही तेच. झोप लागायला मदत झाली तर छान, त्यापलीकडे अपेक्षा ठेवू नका.

आणि त्या यादीत नसलेली गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते, ती म्हणजे व्यसनातून बाहेर आलेल्या माणसांची संगत. अल्कोहोलिक्स अनॉनिमस १९३५मध्ये अमेरिकेत अक्रन शहरात सुरू झालं, ते एका पिणाऱ्या माणसाने दुसऱ्या पिणाऱ्या माणसाशी बोलण्यातून. मन, शरीर आणि श्रद्धा यांचा एकत्र विचार तिथे पहिल्यापासून आहे. वर्गणीची सक्ती नाही आणि डॉक्टरांची गोळी सोडा असं त्यांचं धोरणही नाही. २०२०मध्ये कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ लोकांची माहिती एकत्र तपासली. दारूपासून सलग दूर राहण्याच्या बाबतीत, या सभांकडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस दिसले. 'पेशंट म्हणूनच जगायचं का' या प्रश्नाचं उत्तरही दादाला कदाचित तिथेच मिळेल. काही महिन्यांनी कोणी नवा, थरथरत्या हातांचा माणूस दारात येतो आणि आपण त्याच्यासाठी खुर्ची ओढतो, तेव्हा आपण कोणाचे पेशंट नसतो. देवाचं नाव घेणं त्याला रुचत नसेल तर इतर प्रकारचे आधारगट शोधा, पण गट हवा. पहिल्या सभेने मत बनवू नये. चार-पाच वेगवेगळ्या सभांना जाऊन मग ठरवावं.

तर दादाशी काय बोलाल? 'केंद्र की गोळी' असा वाद घालू नका. त्याला म्हणा, तुला स्वतः काहीतरी करायचंय हे मला पटतं, आपण ते नीट करू. एक सराव त्याने निवडावा, एकच, आणि तो त्याच्या वाईट तासाच्या जरा आधी ठेवावा. संध्याकाळी सातला चिडचिड होत असेल तर साडेसहाला योग, किंवा भरभर चालणं. त्या वेळी आईंना सोबत चालायला सांगा. त्यांनाही पुडीखेरीज काहीतरी करायला मिळेल. गोळी चालू ठेवून दोन महिने हे करू द्या आणि मग झोप, तलफ, मूड यांत काय बदललं ते त्यालाच डॉक्टरांना सांगू द्या. राहूनच यायचं असेल तर त्या केंद्राला लेखी विचारा. डॉक्टरांच्या चिठ्ठीसह गोळ्या चालू ठेवता येतील का? रात्री डॉक्टर असतात का? काढ्यांमध्ये काय आहे, नावासकट? आठवड्यातून एक फोन करू द्याल का? बाविसाव्या दिवसापासून पाठपुरावा कोण करणार, आणि तो पुन्हा प्यायला तर तुम्ही काय करता? चांगली जागा असेल तर ही उत्तरं ते न चिडता देतील, आणि मग त्याला खुशाल जाऊ द्या. उत्तर टाळलं, किंवा 'श्रद्धा नसेल तर येऊ नका' असं म्हटलं, तर ते दादालाच वाचायला द्या. निष्कर्ष त्याचा त्याला काढू द्या.

एक दिवस तो घसरला तर? आईंना वाटेल गोळी फसली, त्याला वाटेल योग फसला. मार्लॅट यांच्या अभ्यासातला एक मुद्दा इथे फार उपयोगी आहे. एका पेल्यापेक्षा त्यानंतरचा 'आता सगळं संपलंच' हा विचार जास्त नुकसान करतो, कारण त्या विचारापोटी माणूस उरलेली बाटली संपवतो. म्हणून त्या रात्री भांडण नको, प्रवचन नको. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर असताना डॉक्टरांना फोन, आणि किती दिवस प्यायला हे खरं सांगणं. सलग काही दिवस प्यायला असेल तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. का, ते वर लिहिलंच आहे.

शेवटी तुमच्याबद्दल, कारण पत्रात तुम्ही स्वतःविषयी एक ओळही लिहिलेली नाही. दादाच्या तोंडाचा वास घेणं, गोळ्या मोजणं, आई आणि तो यांच्यामध्ये उभं राहणं, हे सगळं तुमच्याकडेच असणार असा माझा अंदाज आहे. व्यसनी माणसांच्या नातेवाइकांसाठी अल-अनॉन हे गट १९५१पासून चालतात. तिथे दादाला सोबत न्यावं लागत नाही, तो सुधारला आहे की नाही हेही कोणी विचारत नाही. या आठवड्यात एकदा जाऊन या.

हे उत्तर दादाला वाचायला द्यायचं असेल तर जरूर द्या. पावडरीचा भाग मात्र आधी आईंशी एकट्यात बोलून घ्या. केंद्राकडून लेखी उत्तर आलं की मला कळवा, ते काय म्हणतात हे पाहून पुढचं बोलू.